ते जळमट नाही, शिंजिराचं घरटं आहे

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेला मधुमालतीच्या वाळक्या वेलाचं एक टोक लोंबतंय. त्याला एका इवल्याशा पक्ष्यानं दोन आठवडे खटपट करून घरटं केलं, मग चार दिवस ते तिकडे फिरकलंच नाही, आणि आता पुन्हा आत बसलेलं दिसतं. नर मात्र समोरच्या गजावर बसून ओरडतो आणि खिडकीच्या काचेवर चोची मारतो, बाकी काही करत नाही. घरटं मध्ये सोडून दिलं होतं का? साखरपाणी ठेवावं का? आणि पुढच्या आठवड्यात सोसायटीचे रंगारी येणार आहेत, तर घरटं अलगद उचलून पलीकडच्या कुंडीवर टांगलं तर चालेल का? सोबत दोन फोटो आहेत, एक नराचा आणि एक घरट्याचा, खाली लिहिलंय ‘आमचा हमिंगबर्ड’.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याची घाई आहे: नाही, उचलू नका. बाकीचं सावकाश सांगतो.

हा हमिंगबर्ड नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, आपल्याकडे एकही जात नाही. दोघंही फुलातला मध पितात, दोघंही झळझळीत रंगाचे, म्हणून गल्लत होते. नात्यानं पाहिलं तर आपला हा पक्षी हमिंगबर्डपेक्षा चिमणीला कितीतरी जवळचा. ह्याला मराठीत शिंजीर म्हणतात, सूर्यपक्षीही म्हणतात. काही ठिकाणी फुलचुखी म्हणतात, पण तेच नाव लोक फुलटोच्या नावाच्या दुसऱ्या एका छोट्या पक्ष्यालाही देतात, त्यामुळे मी ते टाळतो. तुमच्या फोटोतल्या नराचं पोट पिवळं, पाठ तपकिरी-लाल आणि गळा जांभळा आहे, खांद्यावर हिरवा ठिपका चमकतोय. म्हणजे हा पंचरंगी शिंजीर. मुंबई-ठाणे-कोकणात घराच्या आसपास दिसणारा बहुधा हाच. घाटावर, विशेषतः कोरड्या भागात, त्याचा भाऊबंद जांभळा शिंजीर जास्त भेटतो. त्याचा नर विणीच्या दिवसांत अख्खा काळा दिसतो आणि उन्हात वळला की निळा-जांभळा पेटतो. वीण संपली की तो ती वस्त्रं उतरवतो आणि मादीसारखा फिकट पिवळा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ शिल्लक राहते. पंचरंगी नर असा वेश बदलत नाही, वर्षभर त्याच रंगात हिंडतो. वजन म्हणाल तर दहा रुपयांच्या नाण्याएवढं, म्हणजे सात-आठ ग्रॅम.

आता घरट्याकडे. शिंजिराचं नाव काढलं की सगळ्यांना फूल आठवतं. मला कोळी आठवतो. इतकी वर्षं घरटी पाहिल्यावर माझं मत असं झालंय, की मध हे ह्या पक्ष्याचं फक्त पेट्रोल आहे. संसार सगळा कोळ्याच्या जिवावर चालतो. घरटं बांधायचं ते कोळ्याच्या जाळ्यानं, आणि पिल्लं वाढवायची तीही बऱ्याच अंशी कोळ्यावरच.

मादी बांधताना एकदा नीट बघा. घर बांधायचं काम तिचं एकटीचं. ती खिडकीच्या कोपऱ्यात, मीटरच्या पेटीमागे, पोटमाळ्याच्या छताखाली जाते आणि जाळ्यासमोर क्षणभर हवेत तरंगते. एरवी फुलावर ती शक्यतो बसूनच मध पिते, तरंगायचे कष्ट घेत नाही. जाळं मात्र बऱ्याचदा तरंगत ओढते. चोचीवर धागा गुंडाळला की ती परत येऊन लोंबत्या टोकाला तो फासते. आधी नुसताच एक चिकट झुबका दिसतो. मग त्यात गवताच्या काड्या, सालीचे कपचे, वाळक्या पानांचे तुकडे, दगडफुलाचे कण, कागदाच्या चिंध्या, सुरवंटाची विष्ठा असं काय काय चिकटवत जाते. मग ती त्या झुबक्यात शिरते आणि छातीनं रेटून आतून पोकळी करते. शेवटी आत सावरीचा कापूस, रुईची म्हातारी, पिसं असलं मऊ अस्तर. बाहेरून पाहिलं तर लांबट थैली, वरच्या भागात बाजूला गोल दार, दारावर छोटासा छज्जा, आणि खाली कचऱ्याची एक लोंबती शेपटी.

ही शेपटी आणि वरचा कचरा निष्काळजीपणामुळे नसतो. दोन हातांवरून पाहणाऱ्याला ते घरटं वाटतच नाही. जाळ्यात अडकलेला पालापाचोळा वाटतो. कावळ्याला तसं वाटावं हाच हेतू. माणसाला तसं वाटतं ही अडचण. ह्यातला एक अपराध माझ्या नावावर आहे. चिपळूणच्या घरी एकदा दिवाळीची साफसफाई करताना पडवीतलं जळमट म्हणून मी काठीला कुंचा बांधून एका फटक्यात काढलं आणि सुपलीत भरलं. सुपली ओतताना त्यात सावरीचा कापूस दिसला. अंडी नव्हती एवढंच नशीब. पक्षी बघायला दुर्बीण घेऊन रानोमाळ भटकणारा माणूस मी, घरातलं घरटं ओळखू शकलो नाही. मादी दोन दिवस त्या वाशाभोवती फिरत राहिली आणि मग मागच्या पेरूकडे गेली. तेव्हापासून आमच्याकडे पडवीचा एक कोपरा कुणी झाडत नाही. पाहुणे नाक मुरडतात, मुरडोत.

कोळ्याच्या धाग्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे: तो तुटायच्या आधी ताणतो. दोन पिल्लं आत वाढायला लागली की ती थैली फुगते, बाजूंनी बाहेर येते, पण उसवत नाही. सुतळीनं बांधली असती तर फाटली असती. जांभळ्या शिंजिराची मादी तर कधीकधी समाजात राहणाऱ्या कोळ्यांच्या मोठ्या, धुळकट जाळ्यातच घरटं घुसवते. शेताच्या बांधावर बाभळीला असं मळकट जाळं दिसलं तर त्यात एखादं गोल दार आहे का ते पाहावं.

तुमच्या त्या चार दिवसांबद्दल. घरटं पुरं झाल्यावर मादी लगेच अंडी घालतेच असं नाही. मधे काही दिवस रिकामे जातात आणि त्या काळात ती क्वचितच दिसते. लोक हमखास इथेच फसतात, ‘सोडून गेली’ म्हणतात आणि घरटं काढून शोकेसमध्ये ठेवतात. पंचरंगी शिंजीर तर घरटं सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून जागेवर येऊन जाऊन चाचपणी करत असतो. मग पहाटे एक अंडं, दुसऱ्या पहाटे दुसरं. सहसा दोनच, मोठ्या शेंगदाण्याएवढी, फिकट रंगाची, त्यावर तपकिरी ठिपके. आता ती आत बसते आणि दारातून फक्त वाकडी चोच आणि डोळा दिसतो, तोच तुमचा दुसरा फोटो. म्हणजे उबवणं सुरू झालंय.

दिवसा ती वरचेवर उठून जाईल. त्यानं घाबरू नका. एवढ्याशा देहाला फार वेळ उपाशी राहणं परवडत नाही. थोडा मध, दोन-चार किडे, की परत. ठाण्याच्या उन्हाळ्यात अस्तरातली अंडी तेवढ्यात थंड पडत नाहीत. तुम्ही मात्र ती बाहेर गेली की स्टुलावर चढून आत टॉर्च मारू नका, मोबाइल दाराशी नेऊ नका. घरटं बांधताना आणि अंडी नवीन असताना मादीचं मन सगळ्यात कच्चं असतं. त्या वेळी त्रास झाला तर ती सोडून जाते. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर सहसा सोडत नाही, कितीही गोंधळ करा. अर्थात म्हणून गोंधळ करायचा असं नव्हे.

नराला तुम्ही आळशी ठरवलंत, तेवढं खरं नाही. बांधकामात तो हात लावत नाही, नुसता मागेमागे फिरतो, हे कबूल. पण पंचरंगी जातीत उबवायला तोही बसतो, आणि पिल्लांना भरवतोही. जांभळ्या शिंजिरात उबवणं एकट्या मादीकडे असतं, नर भरवायला येतो. गजावर बसून ओरडतो ते ही हद्द माझी आहे असं सांगायला. काचेवर चोची मारतो तेही त्यातलंच: काचेत त्याला दुसरा नर दिसतो, आणि तो दुसरा काही केल्या हटत नाही, ह्यानं जेवढ्या जोरात मारावं तेवढ्याच जोरात तोही मारतो. पार्किंगमधल्या गाड्यांच्या आरशांवरही हेच नाटक चालतं. काचेला बाहेरच्या बाजूनं वर्तमानपत्र चिकटवा किंवा जुनी साडी सोडा. प्रतिबिंब गेलं की भांडण संपलं. हे आजच करा, कारण त्या लढाईत त्याचा सकाळचा चरायचा वेळ वाया जातो.

खाण्याचं सांगतो म्हणजे साखरपाण्याचंही उत्तर त्यातच येईल.

शिंजिराची चोच बारीक, खाली वळलेली, कडांना अतिशय सूक्ष्म दाते. जीभ लांब, दोन्ही कडा आत वळून जवळजवळ नळी झालेली, टोकाला दुभंगलेली. ही जीभ तो कशी वापरतो ह्याबद्दल बरेच दिवस अंदाजच होते. अलीकडे पारदर्शक खोट्या फुलांवर वेगवान कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा दिसलं, की तो जीभ टाळूला दाबून सोडतो आणि नळीतून मध खरोखर ओढून घेतो, आपण शहाळं पितो तसा.

सगळी फुलं ह्या चोचीच्या मापाची नसतात, आणि जिथे माप जुळत नाही तिथे हा सरळ चोरी करतो. तुमच्या गॅलरीत जास्वंद असेल तर पाहा: तो फुलाच्या तोंडातून जात नाही, देठाशी बसतो आणि पाकळ्यांच्या बुडातून चोच खुपसतो. मध त्याला, परागकण कुणालाच नाहीत. मिरची-जास्वंदीच्या पाकळ्या तर कधी उघडतच नाहीत, तिथे भोक पाडूनच काम. पण सगळीकडे तो चोर नसतो. पळस, धायटी, मुरुडशेंग ह्यांच्याकडे तो मजुरी देऊन मध घेतो. मुरुडशेंगेच्या लाल फुलातून पुंकेसर बाहेर आलेले असतात. मध प्यायला वाकला की परागकण डोक्याला लागतात आणि पुढच्या फुलाला पोचतात. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या शिंजिराच्या कपाळाला पिवळा टिळा दिसला तर तो फुलांकडून आलाय असं समजा.

ह्या व्यवहाराचा सगळ्यात मजेदार नमुना आपल्या कोकणातलाच आहे: आंब्यावरचं बांडगूळ. त्याची नारिंगी, नळीसारखी फुलं शिंजिराच्या चोचीला अगदी बेतलेली. परागीभवन तो करतो. फळं धरली की फुलटोच्या येतो, तो फळ खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, तिथे नवं बांडगूळ उगवतं. एक पक्षी लग्न लावतो, दुसरा वऱ्हाड पोचवतो. डॉ. सालिम अली ह्यांनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या ह्याच त्रिकुटावर लेख लिहिला होता. बागाईतदारासमोर मात्र हे कौतुक जपून करावं. बांडगूळ कलमाचा रस शोषतं आणि तो कोयता घेऊन उभा असतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

नाशिककडचे द्राक्षवाले शिंजिरावर वेगळ्या कारणानं चिडतात. पिकलेल्या द्राक्षाला तो चोच लावतो आणि रस पितो. माडाच्या आणि केळीच्या फुलांवर, म्हणजे पोयीवर आणि केळफुलावर, तो तासनतास रमतो, तिथे त्याचं कुणाशी वैर नाही.

आता हे सगळं गोड खाणं मोठ्यांचं. पिल्लांना नुसत्या मधावर वाढवता येत नाही. मधात साखर आणि पाणी, अंगात मांस धरायला त्यात फारसं काही नाही. म्हणून अंडी फुटली की दोघांचीही चाल बदलते. आता ते फुलांपेक्षा पानांखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, कुंड्यांच्या मागे जास्त दिसतील. छोटे कोळी, मऊ अळ्या, मावा, चिलटं असं चोचीत धरून आणतील. मध्ये एखाद्या दिवशी दुर्बिणीनं पाहिलंत तर चोचीतून कोळ्याचे पाय लटकताना दिसतील. परतताना पिल्लाची पांढरी शीची पिशवी चोचीत धरून लांब नेऊन टाकतील, घरट्याखाली घाण पडली तर शत्रूला पत्ता कळतो.

म्हणून साखरपाणी नको असं मी म्हणतो. विष आहे म्हणून नव्हे. पक्ष्यांनी परागीभवन होणाऱ्या फुलांचा मध साधारण वीस-पंचवीस टक्के साखरेचा असतो, त्यामुळे एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी हे माप चुकीचं नाही, आणि मोठे पक्षी ते पितातही. पण आपल्या उकाड्यात ते दिवसभरात आंबतं, भांड्याला बुरशी धरते, आणि मुंग्यांची जी रांग लागते ती तारेवरून थेट घरट्यात पोचते. उघड्या-नागड्या पिल्लांना मुंग्या काय करतात ते मी पाहिलंय, वर्णन करत नाही. गुळाचं किंवा बाटलीतल्या मधाचं पाणी तर मुळीच ठेवू नका, ते आणखी लवकर बिघडतं. त्याऐवजी दोन गोष्टी करा. एक, गॅलरीत हमेलिया, एक्झोरा किंवा मिरची-जास्वंदीची एक कुंडी ठेवा. दुसरी गोष्ट अवघड आहे, कारण आपल्या आईनं लहानपणापासून उलटं शिकवलंय: वरच्या कोपऱ्यातली जाळी महिनाभर झाडू नका आणि झुरळ-डासांचा फवारा गॅलरीत मारू नका. जाळी गेली की तिचं बांधकामाचं सामान गेलं. फवारा मारला की पिल्लांचं जेवण गेलं, किंवा विषारी कोळी त्यांच्या चोचीत गेले.

शिवणकामातले नायलॉनचे तुकडे, मांजा, लांब केस हे मात्र उचलून टाका. मादी जाळ्याच्या धाग्यात आणि नायलॉनच्या धाग्यात फरक करत नाही. कोळ्याचा धागा ताणतो, नायलॉन पिल्लाच्या पायाभोवती आवळत जातो. पाय अडकून घरट्यालाच लटकलेलं पिल्लू मी दोनदा सोडवलंय, दुसऱ्याचा पाय वाचला नाही.

रंगाऱ्यांचं गणित असं. उबवणं चौदा ते सोळा दिवस, पिल्लं उडायला त्यानंतर साधारण सतरा दिवस. ती आत बसायला लागली त्या दिवसापासून पस्तीस दिवस धरा, पाच दिवस जास्तीचे असू देत. सोसायटीला सांगा की तुमची बाजू शेवटी घ्या. परांची बांधून वरून खाली येतात, एक ओळ मागे ठेवणं अशक्य नसतं. चिटणीस ऐकत नसतील तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दाखवा. त्यात ‘शिकार’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं. बहुतेक चिटणीसांना हे माहीत नसतं आणि कळलं की ते नरमतात. तरी आधी गोडीनं बोला, घरटं दाखवा. दारातून बघणारी ती चोच पाहिल्यावर अडून बसलेला रंगारी मला अजून भेटलेला नाही. एका ठिकाणी तर रंगाऱ्यानंच तेवढ्या खिडकीभोवती जुनं पोतं बांधून दिलं होतं.

उचलून पलीकडे टांगायला का नको ते आता लक्षात आलं असेल. तिला घरटं ओळखू येतं ते जागेवरून. मीटरभर हलवलं तरी ती जुन्या तारेवर येऊन बसते, शोधते, आणि नवी थैली समोर असून तिकडे जात नाही. वाऱ्यानं घरटं पडलं तर गोष्ट वेगळी. तसं झालं तर त्याच तारेला, त्याच उंचीवर, दार त्याच दिशेला येईल असं सुती दोऱ्यानं बांधा आणि आत जा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लांना टाकतात ही समजूत खोटी आहे, हात लावायला तेव्हा कचरू नका. पिल्लू एकटंच पडलं असेल आणि अंगावर पिसं नसतील तर परत घरट्यात सरकवा. पिसं फुटलेली असतील तर जवळच्या कुंडीतल्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा, आईबाप तिथे येऊन भरवतात. दूध, भात, पाव, साखरपाणी काही घालू नका. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर फोन करा.

तारेवर कपडे घालायचं? घाला, पण दुसऱ्या टोकाला, आणि रोज साधारण एकाच वेळी. ठरावीक हालचालीला ती सरावते, अचानक झटकलेल्या चादरीला नाही. मांजर असेल तर गॅलरीचं दार बंद. खारींवर आणि भारद्वाजावर लक्ष ठेवा. भारद्वाज दिसणं शुभ मानतात, पण शिंजिराच्या मादीला विचारलंत तर ती वेगळं सांगेल. तो आला की तुम्ही नुसतं गॅलरीत येऊन उभं राहिलात तरी पुरतं. माझा तर असा कयास आहे की ही मंडळी माणसाच्या इतक्या जवळ घरटं करतात ते ह्याच पहाऱ्यासाठी.

पिल्लं उडाल्यावर घरटं लगेच काढू नका. पंचरंगी शिंजीर वर्षातून एकाहून जास्त वेळा वीण करतो आणि कधीकधी तेच घरटं पुन्हा वापरतो. नाही वापरलं तरी ओढून नेण्यासारखं सामान त्यात बरंच असतं. गेल्या वर्षी आमच्या पडवीतलं जुनं घरटं मादीनं आठवडाभरात उसवून संपवलं आणि त्याच कापसानं दहा हातांवर, विजेच्या वायरला, नवं बांधलं. वायरमनला तेव्हापासून मागच्या दारानं यावं लागतं.